अंगठा, हात आणि डोळ्यांतलं पाणी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज ज्याविषयी बोलायचं आहे ते मला तुम्हाला दाखवता येत नाही, ही पहिलीच अडचण. नभोवाणीवर आवाज पोचतो, चित्र पोचत नाही. आणि मला तर चित्रांविषयीच बोलायचंय. मोबाइलवर आपण एकमेकांना पिवळी तोंडं, अंगठे, जोडलेले हात, लाल बदाम पाठवतो ना, त्या इमोजींविषयी. तेव्हा मी वर्णन करीन, तुम्ही ती मनात आणा. एका परीनं हे बरंच आहे. एकच वर्णन ऐकून प्रत्येकाच्या मनात वेगळं चित्र उमटेल, आणि माझं निम्मं काम तिथंच होऊन जाईल.

मी वारज्यात राहतो. माळवाडीच्या बाजूला चार मजल्यांची सोसायटी आहे, सोळा बिऱ्हाडं. त्यांत मुसलमानाचं बिऱ्हाड आमचं एकच. घरात दख्खनी, दाराबाहेर मराठी आणि कवितेची वही उघडली की पुन्हा मराठीच. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाण्याची मोटर, पार्किंग, कुणाच्या कुंडीतलं पाणी कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं, वाढदिवस, निधन, सगळं तिथंच.

२०२१ च्या मे महिन्यात आमची अम्मा गेली. ब्याऐंशी वर्षांची होती. तिला करोना नव्हता, वय होतं. पण दिवस करोनाचे होते. कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. मूठभर माणसांनी माती दिली आणि आम्ही घरी आलो. मुलानं ग्रुपवर चार ओळींत बातमी कळवली. उत्तरं येऊ लागली. जोडलेले हात, जोडलेले हात, एक फूल, पुन्हा जोडलेले हात. आणि मधेच, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून तीन पिवळी तोंडं. तोंड उघडं, दात दिसतायत, डोळे मिटलेले आणि हसून हसून दोन्ही डोळ्यांतून पाणी ओघळतंय, अशी तीन.

मुलानं फोन माझ्यापुढं धरला. म्हणाला, "अब्बा, हे बघा."

त्या दिवसांत बाहेरची हवा कशी होती ते तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या वर्षी रोगालासुद्धा धर्म चिकटवून झाला होता. आमच्या बिल्डिंगमध्ये तसं कुणी काही बोललं नव्हतं, पण न बोललेलंही माणूस ऐकत असतो. मुलानं स्क्रीनशॉट काढून ठेवला. त्याला तिथंच ग्रुपवर लिहायचं होतं. मी नको म्हटलं, पण नको म्हणताना माझाही आवाज नीट नव्हता. काका आणि आम्ही पंधरा वर्षांचे शेजारी. संध्याकाळी खाली बाकावर अम्मा आणि ते बसायचे. ती दख्खनीत गुडघ्यांची तक्रार सांगायची, ते मराठीत स्वतःच्या गुडघ्यांची सांगायचे. त्या आठवड्यात जिन्यात त्यांची काठी वाजली की मी दार लोटून घेत होतो.

पुढं काय झालं ते सांगतो. पण त्याआधी ही चित्रं आपल्या खिशात आली कुठून, ते सांगायला हवं.

इमोजी हा शब्द जपानी आहे. इंग्रजीतल्या इमोशनशी त्याचा काही संबंध नाही, कानाला तसा वाटतो एवढंच. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. चित्राक्षर म्हणा. जपानमधल्या एका फोनवर १९९७ सालीच अशी चित्रं होती. पण गाजली ती १९९९ सालची. शिगेताका कुरिता नावाच्या माणसानं एका मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रं केली. प्रत्येक चित्र बारा आडवे, बारा उभे, एवढ्याच ठिपक्यांत. आपल्या बायका दारात ठिपक्यांची रांगोळी घालतात, तिलाही कधीकधी याहून जास्त ठिपके लागतात. हवामान कळवावं, फोन-घर-गाडी दाखवावी, थोडी भावना पोचवावी, एवढाच बेत. आज ती १७६ चित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत.

मग २०१० साली युनिकोडनं ही चित्रं आपल्या यादीत घेतली. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक आकडा देणारी संस्था. याच यादीत २००८ साली आपल्या मराठीसाठी 'ॲ' आला. व्हॉट्सॲप लिहिताना लागतो तोच हा 'ॲ'. तो आला आणि दोन वर्षांनी मागोमाग पिवळी तोंडं आली.

इथं एक गंमत समजून घ्या. तुम्ही चित्र पाठवता तेव्हा चित्र जातच नाही. जातो फक्त आकडा. समोरचा फोन तो आकडा वाचतो आणि स्वतःच्या पद्धतीचं चित्र काढून दाखवतो. त्यामुळं तुम्ही पाठवलेलं तोंड आणि त्याला दिसलेलं तोंड एकच असेल, याची खात्री नाही. काही वर्षांपूर्वी एक हसरं तोंड एका कंपनीच्या फोनवर असं काढलं होतं, की ते दात आवळून कळ सोसतंय असं वाटायचं. पिस्तुलाचं तर आणखी निराळं. २०१६ साली ॲपलनं पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी काढली. इतर कंपन्यांनी ते करायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात एखाद्या पोरानं मित्राला रंगपंचमीची पिचकारी पाठवली असेल, तर मित्राच्या फोनवर खरंखुरं रिव्हॉल्व्हर पोचलं असणार.

शिवाय चित्रं जपानी डोळ्यांनी काढलेली. एका चेहऱ्याच्या नाकाशी एक थेंब लोंबतोय. जपानी चित्रकथांत नाकाशी फुगा आला म्हणजे माणूस गाढ झोपला. म्हणून तो झोपाळू चेहरा. आपल्याकडं ताप आलेला माणूस कामावर येणार नाही हे कळवायला तो पाठवतो. दुसऱ्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघतेय. करणाऱ्यानं नाव दिलं विजयाचा तोरा. आपल्याला तो रागानं फुरफुरणारा माणूस वाटतो, आणि बायकोनं पाठवला तर तो रागच असतो, याविषयी मतभेद नसावा.

पण मला सर्वांत आवडतो तो अंगठा.

वर केलेला अंगठा म्हणजे छान, ठीक, होय. असं ठरवणाऱ्यांनी ठरवलं. आता आपल्या भाषेत अंगठ्याची काय काय कामं आहेत पाहा. माझ्या आजोबांच्या जमिनीच्या कागदावर 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलेलं आहे. म्हणजे अंगठा ही सही, कबुली, कायद्यानं बांधून घेणं. लिहितावाचता न येणाऱ्याला अंगठाबहाद्दर म्हणतात. आणि अंगठा नुसता समोर धरून हलवला, तर तो ठेंगा. ठेंगा दाखवणं म्हणजे काही देणार नाही, जा. होकार, सही, अडाणीपणा, नकार, सगळं एका बोटात. १९७७ साली कोकाकोला देशाबाहेर गेलं आणि मुंबईच्या पार्लेवाल्यांनी थम्स अप काढलं. बाटलीवरच्या त्या लाल अंगठ्यानं आमच्या पिढीला शिकवलं की वर केलेला अंगठा म्हणजे झकास. पण हे शिक्षण झालं शहरात. गावात चाचांपर्यंत ते पोचलं नव्हतं.

कऱ्हाडकडं आमचे चाचा आहेत. भाच्यानं त्यांना स्मार्टफोन दिला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला लिहिलं, "उरुसाला येणार का? खोली रिकामी ठेवतो." मी बसमध्ये उभा होतो, एका हातात दांडी. दुसऱ्या हातानं अंगठा पाठवून दिला. चार दिवसांनी भावाचा फोन आला, "चाचांना काय बोललास? म्हणतायत, पुण्याला जाऊन शिकला, मला ठेंगा दाखवतो." मी उरुसाला गेलो तेव्हा खोलीत धान्याची पोती रचलेली होती. ओसरीवर झोपलो.

जपानी माणसानं अंगठा काढताना चाचांचा विचार केला नाही, यात त्याची चूक नाही. चाचांचीही नाही. शब्दांचंही असंच होतं, फक्त त्याला दोन-चारशे वर्षं लागतात. 'गरीब' हा अरबी शब्द. तिकडं त्याचा मूळ अर्थ परका, परदेशी. इकडं येईपर्यंत त्याचे पैसे संपले. 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. ते काम न्हावी करायचे. तुंबडी गेली, न्हावी राहिला आणि हजामत म्हणजे दाढी झाली. पुढं तर बिनपाण्यानंही व्हायला लागली. मला कुणी विचारलं की तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, तर मी त्यांना हजामतीची ही गोष्ट सांगतो. पुन्हा विचारत नाहीत.

अंगठा कोर्टातही गेला. कॅनडात एका धान्य खरेदी करणाऱ्यानं जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला फोनवर पाठवला. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. माल काही दिला नाही. कोर्टात म्हणाला, "कागद मिळाला एवढंच कळवलं होतं." कोर्टानं २०२३ साली सांगितलं, अंगठा म्हणजे सहीच, आणि सुमारे ८२ हजार डॉलर भरायला लावले. निशाणी डावा अंगठा! पुढच्याच वर्षी आपल्याकडं, मद्रास उच्च न्यायालयात, उलटं झालं. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानानं, अधिकाऱ्याच्या हत्येविषयी ग्रुपवर आलेल्या मजकुरावर अंगठा टाकला होता. खात्याला वाटलं, हा खून साजरा करतोय. नोकरी गेली. न्यायालय म्हणालं, अंगठ्याचा अर्थ 'पाहिलं', 'ठीक' असाही होतो. त्याला परत घ्यायला लावलं. एका अंगठ्यानं एकाचे पैसे गेले, एकाची भाकरी जाता जाता राहिली.

जोडलेल्या हातांचं पुराण तर मोठंच आहे. युनिकोडच्या यादीत नाव आहे नुसतं 'जोडलेले हात'. जपानी माणूस ते 'कृपा करा' किंवा 'आभारी आहे' म्हणून पाठवतो. काही गोऱ्या लोकांना वाटायचं की दोन माणसं टाळी देतायत. आपल्याकडं मात्र हात जोडण्याचे अर्थ आधीपासूनच इतके, की चित्राला नव्यानं काही शिकावं लागलं नाही. नमस्कार, विनंती, माफी, श्रद्धांजली, आणि 'तुझ्यापुढं हात जोडले बाबा, आता पुरे'. आमच्या सोसायटीत पार्किंगचं भांडण शेवटी जोडलेल्या हातांवर संपतं आणि तो नमस्कार नसतो. कवींच्या ग्रुपवर कवितेखाली जोडलेले हात आले की मी समजतो, वाचलेली नाही. मुसलमान असून तुम्ही हे चित्र वापरता का, असंही मला विचारून झालंय. आमच्या गावात एकाच माणसाला सकाळी सलाम आणि संध्याकाळी नमस्कार करत आम्ही वाढलो. चित्राला मी कोण नाही म्हणणारा?

आता काकांकडं येतो.

अम्माला जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील. रात्री झोप येत नव्हती. लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे किती भरायचे ते पाहायला ग्रुप उघडला आणि वर वर सरकत गेलो. सरकता सरकता आदल्या वर्षीच्या जानेवारीत पोचलो. तिथं काकांचा मजकूर होता. "धाकटा बंधू आज पहाटे गेला. नाशिकला निघतो." आणि त्याखाली तीच तीन पिवळी तोंडं. उघडं तोंड, दात, मिटलेले डोळे, दोन्हीकडून पाणी.

स्वतःच्या भावाच्या बातमीखाली.

मी पुष्कळ वेळ तो फोन हातात धरून बसलो. कारण त्या मजकुराखाली पंधरा बिऱ्हाडांचे जोडलेले हात होते, त्यांत माझेही होते. म्हणजे मी ती बातमी तेव्हा वाचली होती. ती तोंडं माझ्या डोळ्यांखालून गेली होती आणि मला दिसली नव्हती. भाऊ गेलेल्या माणसानं रडणंच पाठवलं असणार, हे मी न बघताच धरून चाललो होतो. आमच्या घरच्या बातमीखाली मात्र तेच चित्र आलं आणि मला पाण्याऐवजी दात दिसले. काकांच्या जागी दुसऱ्या कुणाचं, आमच्यासारखंच नाव असतं, तरी दिसले असते का? हा प्रश्न मी मुलाला विचारला नाही. आधी स्वतःला विचारला. त्याचं उत्तर इथं सांगत नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर गच्चीवर काका भेटले. मी आडवळणानं विचारलं, "काका, तुम्ही ते एक तोंड पाठवता, ते कसलं हो?"

त्यांनी फोन नाकापासून वीतभर लांब धरला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लॉकडाउनमुळं राहिली होती. म्हणाले, "रडतोय की तो. दोन्ही डोळ्यांना धारा लागल्यात."

"आणि तोंड?"

"कविराज, माणूस मनापासून रडतो तेव्हा तोंड मिटलेलं असतं का?"

मला बोलता येईना. ते पुढं म्हणाले, "दुसरा एक आहे. त्याच्या एकाच डोळ्याला एकच थेंब. तुमच्या आईसाठी एक थेंब पाठवू?"

या चित्राला २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून मान दिला होता. त्यांच्या लेखी ते आनंदाश्रू. मी काकांना हे सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही, आणि हे भाषण ते ऐकत असतील तर, काका, तुमचंच बरोबर आहे. मुलाला मात्र त्या रात्री सगळं दाखवलं. त्यानं काही न बोलता स्क्रीनशॉट पुसून टाकला.

काका तार खात्यातून निवृत्त झालेले. शब्द मोजून वापरायची सवय, एक शब्द वाढला की पैसे वाढायचे. त्यांनी त्या दिवशी गच्चीवर सांगितलं, तारेतही तयार शुभेच्छा असायच्या. दिवाळीला एक आकडा, ईदला एक, लग्नाला एक. तुम्ही फॉर्मवर आकडा लिहायचा, तारेतून तेवढा आकडा जायचा आणि पलीकडच्या तारघरात पूर्ण वाक्य लिहून पाकिटात घालायचे. म्हणजे आजच्या इमोजीचाच धंदा! आणि तार तरी कशासाठी होती? कुठलीही घाईची बातमी कळवायला. नोकरी लागली, मुलगा झाला, उद्याच्या गाडीनं येतो. पण गावात तारवाला दारात दिसला की बायका पाकीट फोडायच्या आधीच रडायला लागायच्या. तार म्हणजे कुणीतरी गेलं. काका म्हणाले, "आम्ही आनंदाच्या कितीही पाठवल्या, तरी लोकांनी तारेचा अर्थ ठरवून टाकला होता." १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा गेल्या. काका त्या दिवशी रांगेत उभे राहून स्वतःलाच एक तार करून आले होते. ती अजून त्यांच्या कपाटात आहे.

आता सोसायटीत सगळ्यांना माहीत झालंय. काकांची तीन तोंडं म्हणजे दुःख. नवीन भाडेकरू आला की त्याला पाण्याची वेळ सांगतात, कचऱ्याची वेळ सांगतात आणि हेही सांगतात.

एक राहिलं. २०१७ साली यादीत एक नवं चित्र आलं. दोन तळहात शेजारी शेजारी, वर उघडे. आम्ही दुआ मागताना धरतो तसे. गेल्या रमजान ईदला मी ग्रुपवर शुभेच्छांसोबत ते पाठवलं. काकांनी गच्चीवर विचारलं, "हे हात कसले? रिकामेच दिसतायत."

मी म्हटलं, "मागायचे हात आहेत."

"कुणाकडं?"

मी वर बोट केलं. काकांनी मान वर केली. तिथं सोसायटीची पाण्याची टाकी होती.

त्यानंतर दोनच आठवड्यांत मोटर जळाली. सकाळी सहा वाजता ग्रुपवर काकांचा निरोप आला. शब्द एकही नाही, नुसते दोन उघडे तळहात. साडेसहापर्यंत आणखी पाच बिऱ्हाडांनी तेच पाठवलं. आता आमच्याकडं टाकी रिकामी झाली की हेच चित्र येतं. काल पहाटेही आलं. मी उठलो आणि दोन बादल्या घेऊन खाली गेलो.